सहा बोल्ट, सोळा इंच

तुमच्या गाडीच्या चाकाला किती बोल्ट आहेत? पार्किंगमध्ये न जाता सांगा. चार? पाच? जाऊ दे. गाडीचा ईएमआय आपल्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, पण बोल्ट पंक्चर झाल्याशिवाय कोणी मोजत नाही. आणि आता तर पंक्चर झालं तरी आपण खाली उतरतो कुठे? हेल्पलाइनला फोन लावायचा, एसी सुरू ठेवायचा आणि मदत येईपर्यंत रील्स बघत बसायचं.

पण मंडळी, आपल्यातच काही लोक असे आहेत की ज्यांचे सगळे वीकएण्ड बोल्ट मोजण्यात जातात. माझा एक मित्र त्यातलाच. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत आयटी. शनिवार-रविवार भंगार मार्केट. खिशात मेजपट्टी, मोबाइलमध्ये गंजलेल्या रिमचे तीनशे फोटो. बायको म्हणते, ‘लग्नाचे फोटो एवढे काढले नव्हते.’

त्याला हवी होती तीन चाकं. ओरिजिनल.

गाडी कोणती? शेव्हर्ले ३१०० पिकअप, कागदावर १९५१ ची. कोल्हापूरजवळ त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं. गुळाचे रवे पिकअपमध्ये भरायचे आणि शाहूपुरीच्या बाजारात नेऊन उतरवायचे, हे तिचं काम. गावात सगळे तिला ‘शेवरलेट’ म्हणायचे. पुढे टेम्पो आले, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या, आजोबा गेले, आणि शेवरलेट शेडच्या कोपऱ्यात पाचटाच्या ढिगाआड गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा गावाकडून वर्क फ्रॉम होम करत होता. रेंज शोधत शोधत शेडमध्ये शिरला आणि ती दिसली. तिथून पुढे सुरू झालं.

इंजिन सुटलं. ब्रेक नवे झाले. हौद्याच्या लाकडी फळ्या गावच्या सुताराने बसवून दिल्या. अडलं ते चाकांपाशी. पुढची दोन मूळची होती. मागच्या दोन्हींचं सेंटर कधीतरी कोणीतरी कापून दुसऱ्याच रिममध्ये वेल्डिंग करून बसवलेलं. स्टेपनीचा पत्ताच नाही.

तुम्ही म्हणाल, चाकंच ना? त्यात काय एवढं? मलाही त्याच्याबरोबर फिरेपर्यंत असंच वाटायचं. म्हणून आजचा कॉलम चाकांवर.

अनाथ शेवरलेट

आधी थोडी हिस्ट्री, कंटाळा येणार नाही याची गॅरंटी.

शेव्हर्ले म्हटलं की आपल्या पिढीला स्पार्क, बीट नाहीतर टॅव्हेरा आठवते. २००३ मध्ये हे नाव आपल्याकडे आलं आणि २०१७ च्या शेवटी कंपनीने इथली विक्री बंद केली. तळेगावचा कारखानाही पुढे ह्युंदाईकडे गेला. पण ही झाली दुसरी इनिंग. पहिली इनिंग सुरू झाली होती १९२८ मध्ये, आपल्या मुंबईत, शिवडीला. जनरल मोटर्सने तिथे कारखाना टाकला. सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांच्या कार, ट्रक, बस जुळायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करी गाड्या आल्या, युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी लिलावात निघाल्या आणि कंत्राटदारांकडे गेल्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या काळात एसटीच्या ताफ्यात ज्या नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या, त्यात शेव्हर्लेही होती.

मग १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं, की नुसत्या सुट्या भागांची जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. इथे बनवणार असाल तरच राहा. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. देशाचं त्यात भलं झालं की नाही यावर अर्थशास्त्रवाल्यांनी भांडावं. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की रस्त्यावर असलेल्या सगळ्या शेवरलेट एका झटक्यात अनाथ झाल्या. पार्ट मिळायचे बंद. मग जो तो जुगाड करायला लागला. डिझेल इंजिन बसवा, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स लावा, चाकाचं सेंटर कापून वेल्डिंग करा. मित्राच्या गाडीची मागची चाकं म्हणजे त्याच काळाची खूण. ज्याने ते वेल्डिंग केलं त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसऱ्या दिवशी गूळ पोचवायचा होता.

आणि मूळ चाकं गेली कुठे? काही सरळ भंगारात, किलोच्या भावाने. गंमत बघा, शिवडीच्या शेजारीच दारूखाना आहे, जिथे जहाजापासून सगळं लोखंड तोडून विकलं जातं. जिथे जन्म, त्याच्या शेजारीच शेवट! काही चाकं पाण्याच्या टँकरला लागली. काही बैलगाडीला. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या सिझनला जी रबरी टायरची बैलगाडी दिसते ना, टायरगाडी, तिला जुन्या जीपची, ट्रकची चाकं लावलेली असायची. बीड-नगरकडून येणाऱ्या तोडकऱ्यांच्या बोलीत ‘टायर सेंटर’ हा शब्दच रूढ आहे. कारखान्याच्या टायरगाडीवर काम करणारी टोळी म्हणजे टायर सेंटर. म्हणजे तुमच्या विंटेज गाडीचं हरवलेलं चाक कदाचित आजही कुठेतरी ऊस ओढत असेल.

फंडा क्लिअर करा

चाक शोधायला निघण्याआधी चार मापं पाठ पाहिजेत. ही मापं माहीत नसतील तर मार्केटमध्ये तुमचा मामा होणार, लिहून घ्या.

एक, बोल्ट किती. १९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या या ३१०० पिकअपला सहा बोल्ट. तिच्याच मोठ्या बहिणीला, म्हणजे पाऊण टनी ३६०० ला, आठ. बाहेरून दोन्ही बहिणी सारख्याच दिसतात, त्यामुळे ‘शेव्हर्ले पिकअपचं चाक आहे’ एवढं ऐकून गाडीत बसून निघायचं नाही. आधी भोकं मोजून फोटो मागवायचा.

दोन, बोल्टचं वर्तुळ. मार्केटमध्ये याला पीसीडी म्हणतात. ३१०० चं वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. सहा भोकांचं चाक मोजायला सोपं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा, उत्तर तयार. पाच भोकांच्या चाकाला समोरासमोर भोकंच नसतात. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७ ने गुणायचं. विलीज जीपच्या चाकावर हे अंतर साधारण ८२ मिलिमीटर भरतं. ८२ गुणिले १.७ करून बघा, वर्तुळ साडेपाच इंचाच्या आसपासच येतं.

इथेच गडबड होते. जीपचं वर्तुळ तेवढंच, पण भोकं पाच. दुकानदार म्हणतो, ‘साडेपाच इंच? सेम है, ले जाओ.’ घरी आणून बघाल तर एक बोल्ट बसतो आणि बाकीचे तुमच्याकडे बघत राहतात.

तीन, रिमचा व्यास आणि रुंदी. व्यास १६ इंच, रुंदी जेमतेम साडेचार. आजच्या एसयूव्हीच्या टायरसमोर ही चाकं सायकलची वाटतील. १९५५ मध्येच आलेल्या पुढच्या मॉडेलला सहा बोल्ट कायम राहिले, पण चाक १५ इंची झालं. ते बसतं, पण दिसायला आणि उंचीला फरक पडतो.

चार, ऑफसेट. चाकाचा जो भाग हबला टेकतो तो रिमच्या मधोमध आहे, आत आहे की बाहेर, ते माप. हे कोणी विचारत नाही आणि गाडीची वाट इथेच लागते. सहा बोल्ट आणि १३९.७ चं वर्तुळ आजच्या फॉर्च्युनरलाही आहे, इसुझूच्या डी-मॅक्सलाही आहे. म्हणजे कागदावर फॉर्च्युनरचं अलॉय शेवरलेटला लागायला हवं. प्रत्यक्षात हबसाठीचं मधलं भोक जुळेलच असं नाही आणि ऑफसेट वेगळा असल्यामुळे चाक आत सरकतं. मग वळताना टायर कुठे घासेल ते तुमचं नशीब.

वीकएण्डची वारी

मापं पाठ झाली. आता शोध. आम्ही जे फिरलो ते असं.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांपासून सुरुवात. कारच्या स्पेअर पार्टचं जुनं मार्केट. तिथले म्हातारे दुकानदार हा खरा खजिना. चाक नव्हतं, पण एका शेठनी फोटो बघून अर्ध्या मिनिटात सांगितलं, ‘हे रिव्हेटवालं रिम आहे, वेल्डिंगवालं घेऊ नका.’ बरोबर होतं. या काळातल्या १६ इंची चाकाचं सेंटर रिमला रिव्हेटने जोडलेलं असतं. आणि म्हणूनच त्यात ट्यूब टाकावीच लागते, नाहीतर रिव्हेटच्या फटींतून हवा जाते. ट्यूबलेस टायरचं स्वप्न तिथेच सोडून द्यायचं.

मग कुर्ल्याचं भंगार मार्केट. इथे अख्ख्या गाड्या सुट्या होतात. स्पीड एवढा की आज आलेली गाडी उद्या दिसेलच याची खात्री नाही. इथला धडा म्हणजे ओळख. चाचांकडे चार वेळा चहा प्यायल्याशिवाय ते आतलं गोडाऊन उघडत नाहीत. पाचव्या वेळी उघडलं. आत सहा बोल्टची चाकं होती, पण सगळी नव्या जमान्याची.

शुक्रवारी पहाटे चोरबाजार. गर्दी भन्नाट, मजा आली, हबकॅप दिसल्या, चाक नाही. एक सूचना फुकट: इथे काय, कुठेही, बिल किंवा निदान लेखी पावती घेतल्याशिवाय जुना पार्ट उचलू नका. तुमच्या हौसेपायी दुसऱ्या कोणाची गाडी ठोकळ्यावर उभी राहायला नको.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे जीपची चाकं ढिगाने. लष्करी जीपची दोन भागांची, नटांनी जोडलेली ‘कॉम्बॅट’ रिमही दिसली. ती दिसली आणि तुम्ही जीपवाले असाल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. टायरमध्ये हवा असताना ते नट चुकूनही खोलायचे नाहीत. दोन भाग अलग होतात ते उडूनच. मोठ्या पिकअपच्या आणि ट्रकच्या लॉक रिंगवाल्या रिमचंही तेच. हवा भरताना रिंग निसटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. ज्या टायरवाल्याकडे लोखंडी पिंजरा आहे आणि ज्याच्या हाताला अशा रिमची सवय आहे, त्याच्याकडेच ते काम द्या.

अमेरिकेतून मागवायची का, हा प्रश्न साहजिकच आला. तिथे या पिकअपचं एवढं वेड आहे की जवळजवळ प्रत्येक पार्ट नव्याने बनवून मिळतो. पण लोखंडी चाक वजनदार. भाडं आणि कस्टम्स मिळून हिशेब डोळे पांढरे करतो. वापरलेला पार्ट मागवायचा तर परवानग्यांची भानगड वेगळीच. हा मार्ग निवडणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी कस्टम्सच्या एजंटशी बोला, नंतर नाही.

चार दिवसांत बनवून देतो!

आता सगळ्यात मोठा मोह. कोल्हापूरचं उद्यमनगर. तिथल्या कारागिरांना फोटो दाखवा, ते वस्तू बनवून देतात. मित्राने पुढचं चाक नेऊन दाखवलं. कारागिराने फिरवून बघितलं, बोटाने ठोकलं आणि म्हणाला, ‘चार दिवसांत बनवून देतो की! ओळखू येणार न्हाई.’

आणि दसरा होता तीन आठवड्यांवर.

दसऱ्याचं महत्त्व काय, तर मित्राचे वडील. वय ७६. लहानपणी याच पिकअपच्या हौद्यात, गुळाच्या रव्यांवर बसून शाहूपुरीला जायचे. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. दसऱ्याला गाडी बाहेर काढायची, हार घालायचा आणि एक चक्कर मारायची, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मित्र म्हणाला, ‘बाबा, उद्यमनगरातून बनवून घेतो. नाहीतर तात्पुरती दुसरी कोणतीतरी लावतो. तुम्ही बसा तर खरं.’

बाबा म्हणाले, ‘दुसऱ्याच्या चपला घालून देवळात जातंस व्हय रे?’

विषय संपला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली ती मागून लाकडी ठोकळ्यांवर उभी असताना. झेंडूचा हार, पुढे नारळ, मागे चाकं नाहीत. गावातली पोरं फोटो काढून हसत होती. बाबा ठोकळ्यांनाही हळद-कुंकू लावून मोकळे झाले.

मी त्या दिवशी मित्राच्या बाजूने होतो, हे सांगायला हवं. माणसाचं वय ७६, बायपास झालेली, आणि तुम्ही लोखंडाच्या गोलासाठी थांबताय? पण नंतर बाबांशी बोललो तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं. त्यांचा कारागिरावर अविश्वास नव्हता. ते म्हणाले, उद्यमनगरचा माणूस चाक उत्तम बनवील, पण ते ह्या गाडीचं चाक आहे असं पुढं कोणीतरी सांगत फिरेल, आणि खोटं बोलल्यासारखं होईल. बनवलेलं असेल तर बनवलेलं म्हणा. आणि आधी शोधून तरी बघा. न शोधताच संपलं असं कसं म्हणायचं?

मला वाटतं, ओरिजिनलचा सगळा फंडा यात आला. ओरिजिनल म्हणजे चकचकीत नव्हे. ओरिजिनल म्हणजे भारी किंमतही नव्हे. जे आहे ते खरं सांगता आलं पाहिजे, बस. नवीन बनवलेलं चाक लावण्यात काहीच कमीपणा नाही. रस्त्यावर रोज चालवायची असेल तर चांगल्या माणसाने बनवलेलं, तपासलेलं नवं चाक गंजून कागदासारख्या झालेल्या मूळ चाकापेक्षा कधीही बरं. फक्त त्याच्या आतल्या बाजूला बनवल्याचं साल कोरून ठेवा. पुढच्या माणसाला फसवू नका.

शेवटी मिळाली कुठे?

ऐका तर. पहिलं चाक मिरजेत, एका जुन्या गॅरेजमध्ये. तिथल्या मेस्त्रींनी त्यात खांब रोवून सिमेंट ओतलं होतं आणि त्यावर ग्राइंडर बसवला होता. सहा भोकं, साडेपाच इंच, रिव्हेट दिसत होते. मेस्त्री म्हणाले, ‘तीस वर्षं झाली ह्याला, मला नवीन स्टँड करून द्या आणि घेऊन जा.’ सिमेंट फोडायला पूर्ण दिवस गेला.

उरलेली दोन? मित्राच्या गावापासून सात किलोमीटरवर. एका शेतकऱ्याच्या पाण्याच्या टँकरला. आम्ही कुर्ला, ऑपेरा हाऊस, जुना बाजार पालथे घालत होतो आणि चाकं शेजारच्या गावात पाणी वाहत होती. सांगितलं कोणी? पंक्चरवाल्याने. गावोगावची चाकं त्याच्या हाताखालून जातात, त्यामुळे कोणाच्या कशाला काय लागलंय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. शोध त्याच्यापासून सुरू करायचा, हा मी घेतलेला सगळ्यात मोठा धडा.

टँकरवाल्या काकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. ‘पैशाचं काय करू? माझा टँकर उभा राहिला तर भाजी वाळंल.’ मग व्यवहार ठरला तो असा: टँकरला नवा अ‍ॅक्सल, नवी चाकं, नवे टायर मित्राने बसवून द्यायचे, आणि तेही एका दिवसात. काका खूश. रिम सॅण्डब्लास्टिंगला गेली. त्यातलं एक बोल्टच्या भोकाजवळ तडकलेलं निघालं. ते सरळ बाजूला काढलं. वेल्डिंग करून वापरायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे हिशेब असा: मागची दोन ओरिजिनल झाली, आणि स्टेपनी उद्यमनगरची. आतल्या बाजूला साल कोरलेली. बाबांनी स्वतः उभं राहून कोरून घेतली.

टायरचं मात्र टेन्शन नव्हतं. या चाकाला लागतो ६.००-१६ हा साइझ, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचा. जीपमुळे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांमुळे हा साइझ आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो. अमेरिकेतल्या हौशींना हे ऐकून हेवा वाटेल. पण दुकानात जाऊन नुसतं ‘सहाशे सोळा’ म्हणू नका. ट्रॅक्टरचा टायर शेतासाठी असतो, हमरस्त्यावरच्या स्पीडसाठी नाही. जीपचा, रस्त्यावर चालणारा टायर मागून घ्या आणि जोडीला नवी ट्यूब.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबा पुढे बसून शाहूपुरीला जाऊन आले. स्पीड ताशी तीस. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजले. बाबांना त्याचं काही नव्हतं.

खिशात ठेवा: चाक घेताना

– बोल्टची भोकं गोल आहेत का बघा. अंड्यासारखी लांबट झाली असतील तर ते चाक कधीतरी सैल नटांवर चाललेलं आहे. सोडून द्या.

– भोकांभोवती आणि रिव्हेटपाशी तडे शोधा. रंग काढल्याशिवाय तडे दिसत नाहीत, म्हणून ताजा रंग मारलेल्या चाकाची किंमत ठरवताना घाई नको.

– टायरची कड जिथे बसते तिथला गंज बोटाने चाचपा. खड्डे खोल असतील तर तिथला पत्रा पातळ झाला आहे.

– चाक हबवर चढवून फिरवा, शेजारी एक खडू स्थिर धरा. खडू एकाच बाजूला लागत असेल तर रिम आऊट आहे.

– पावडर कोटिंग करताना नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारी बाजू मोकळी ठेवायला सांगा. नटाखाली जाड कोटिंग राहिलं तर ते दबतं आणि नट सैल होतात. नवं चाक लावल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा.

– गाडी जुनी डॉज, फार्गो किंवा विलीज जीप असेल तर डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. बोल्टवर ‘एल’ अक्षर आहे का बघा. नाहीतर खोलायच्या नादात पान्याला पाइप लावून आवळत बसाल आणि बोल्ट तुटेल.

– दुसरी चाकं लावायची ठरवलीत तरी मूळ चाकं विकू नका. माळ्यावर टाका. पुढचा मालक तुम्हाला दुवा देईल.

जाता जाता, कागदपत्रं

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठी काढता येते. पिकअपवाल्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारायचा: आपली गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ती या नियमात बसते का? हे आरटीओत जाऊन आधी विचारा, मगच खर्चाला हात घाला.

तुमच्याकडे शेवरलेट नसेल. माझ्याकडेही नाही. पण गावाकडच्या घराच्या मागे, काकांच्या गोठ्यात, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीखाली एखादं जुनं, जड, गंजलेलं चाक पडलेलं असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं आणि किलोच्या भावाने जातं. पुढच्या वेळी ते देण्याआधी दोन मिनिटं काढा. भोकं मोजा. सहा आली, टेप लावल्यावर साडेपाच इंच आणि सोळा इंच भरलं, तर थांबा. कुठेतरी एक गाडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि कोणीतरी नेमकं तेच चाक शोधत फिरतंय.

आणि हो, आता पार्किंगमध्ये जाणार असाल तर स्वतःच्या गाडीचेही बोल्ट मोजून या. स्टेपनीत हवा आहे का तेही बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!